म्वांझात तीन आठवडे झाले, ऑफिसात कोणी कामच देत नाहीये

सहकारनगर२

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे, चालवून घ्या. इथे संध्याकाळी सात वाजता मिट्ट काळोख होतो आणि नंतर बोलायला कोणी नसतं.

मी पुण्याची. ३४ वर्षं बँकेत काढली, कॅश काउंटरपासून सुरुवात आणि शेवटी शाखेचे अकाउंट्स. गेल्या वर्षी रिटायर झाले, मुलगी बंगळुरूला, घरात मी आणि टीव्ही. तेवढ्यात ओळखीतून टांझानियातल्या एका संस्थेचं कळलं, बायकांच्या बचत गटांचं काम करतात आणि हिशोब बघणारं माणूस हवं होतं. पगार नाही, राहायला खोली आणि दुपारचं जेवण त्यांच्याकडे, सहा महिने. बहीण म्हणाली वेड लागलंय का तुला या वयात, पण आले. म्वांझा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर, जिकडेतिकडे भलेमोठे गोल दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आणि त्या दगडांमधूनच घरं वर चढत गेलेली. आपल्या पर्वतीच्या पायथ्याची आठवण होते, फक्त खाली अख्खा समुद्र ठेवलाय असं वाटतं.

तर प्रॉब्लेम असा की मला टेबल आहे, खुर्ची आहे, खिडकी आहे, काम नाहीये. डायरेक्टर बाई फार गोड आहेत, पण काही विचारलं की "पोले पोले मामा" म्हणजे हळूहळू. (इथे मला सगळे मामा म्हणतात, आईला मामा. पुण्यात ही पदवी ट्रॅफिक पोलिसाला, काय बोलणार.) पहिल्याच आठवड्यात मी बसून सगळ्या गटांसाठी एक छान एक्सेल बनवलं, सात शीटा, टोटल आपोआप, चुकलं तर लाल. अकाउंटंट मुलाला दाखवलं, तो "व्हेरी नाइस मामा" म्हणाला आणि गेला तो गेलाच. व्हाउचरची फाईल मागितली तर उद्या, उद्या मागितली तर किल्ली दुसऱ्याकडे.

त्यात माझे घोळ वेगळेच. "सा न्ने" ला मीटिंग म्हणाले, न्ने म्हणजे चार एवढं मी पाठ केलं होतं, म्हणून दुपारी चारला वही पेन घेऊन हजर, तर मीटिंग सकाळीच झालेली. ड्रायव्हरला आपल्या सवयीने दादा दादा म्हणत होते तर अख्खं ऑफिस हसतंय, का ते कोणी सांगत नाही. आणि परवा रात्री सगळ्या गल्लीत लाईट, फक्त माझ्या खोलीत अंधार, सकाळपर्यंत तशीच बसले.

कोणी अशा ठिकाणी व्हॉलंटियर म्हणून ऑफिसात काम केलंय का? मीच कुठे चुकतेय, की परत यावं? रडगाणं नाही, खरंच विचारतेय.

---

टेकडीवरचा

काकू, सॉरी पण दादा वाचून मी चहा सांडला. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. तुम्ही त्या बिचाऱ्याला तीन आठवडे "ए ताई, गाडी काढ" म्हणताय. आणि काका म्हणजे भाऊ. बाबा म्हणजे वडीलच, पण बाबू म्हणजे आजोबा आणि बीबी म्हणजे आजी. मी २०१८ मध्ये टांझानियातच डोडोमाला वर्षभर होतो एका शाळांच्या संस्थेत कॉम्प्युटरचं बघायला, मीही एका पोलिसाला दादा म्हणालोय, तुमचं बरंच बरं आहे.

आता घड्याळ. तिकडे दिवस सकाळी सहाला सुरू होतो. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले दहा म्हणजे त्यांचे चार. विषुववृत्ताच्या इतकं जवळ वर्षभर सूर्य सहा साडेसहाच्या आसपासच उगवतो, मग तिथून मोजणंच सोपं ना. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजायचे की. सोपी युक्ती सांगतो, घड्याळाचा तासकाटा जिथे आहे त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचा, तो स्वाहिली टाइम. इंग्रजीत वेळ सांगितली तर आपलीच, "सा" म्हणाले की सहा तासांचा फरक. शंका आली तर सकाळचे का एवढं विचारायचं, आसुबुही म्हणजे सकाळ. शिवाय सकाळी सा न्नेला, म्हणजे दहाला, चहाची सुट्टी असते. तुमची मीटिंग बहुतेक चहावरच झाली असणार, खरी मीटिंग तिथेच होते, मंडाझी खाताना.

लाईटचं म्हणजे तुमचं लुकू संपलं असणार. तिकडे विजेचं मीटर प्रीपेड असतं, मोबाईलवरून पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो तो मीटरवर दाबायचा. अंधारात, टॉर्च तोंडात धरून, वीस आकडे, आणि सतरावा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. थोडे युनिट उरले की आधीच भरून ठेवा.

आणि एक, तुम्ही सकाळी ऑफिसात शिरून थेट टेबलाशी जाता का? बहुतेक जात असाल, आपण पुणेकर तसेच. तिकडे प्रत्येकाला हात मिळवून, रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, सगळं विचारून झाल्यावर काम. कोणाच्या केबिनमध्ये जायचं तर दाराशी होडी म्हणायचं (हो, होडी. मी पहिल्या दिवशी खिडकीतून तलाव शोधला), आतून करीबू आलं की मगच आत. तुमच्याहून मोठं कोणी असेल तर शिकामो म्हणा. त्याचा मूळ अर्थ पाय धरतो असा, म्हणजे आपलं पाया पडतेच. तुम्हाला तरुण पोरं म्हणतील तेव्हा मराहबा म्हणायचं. नुसतं हसून मान हलवत असाल तर त्यांचा नमस्कार तीन आठवडे हवेतच लटकलाय.

---

पौडफाटा

एक बोचरं विचारतो, राग मानू नका. ३४ वर्षांचा बँकेचा अनुभव आहे तर हडपसरला नाहीतर येरवड्याच्या वस्तीत बचत गट नाहीत का? विमानाच्या तिकिटाच्या पैशात इथल्या किती बायकांचं काम झालं असतं. तिकडच्या शिकलेल्या पोरांना नोकऱ्या नाहीत आणि आपण फुकट जाऊन त्यांच्या खुर्चीत बसायचं. मग काम दिलं नाही म्हणून तक्रार.

आणि परमिट काय आहे ते बघितलंय का? टुरिस्ट व्हिसावर ऑफिसात बसणं टांझानियात चालत नाही, व्हॉलंटियरला क्लास सी चं रेसिडेन्स परमिट लागतं. संस्था म्हणते करतो करतो आणि मग इमिग्रेशनवाले आले की व्हॉलंटियर अडकतो.

---

अनुस्वार

पौडफाटा, परमिटचा मुद्दा बरोबर, ताई तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. बाकी तुम्ही स्वतः हडपसरला कितव्यांदा गेलात ते पण लिहा म्हणजे आम्हालाही प्रेरणा मिळेल.

ताई, मी फार्मसीवाली आहे म्हणून माझ्या बाजूचं थोडं. म्वांझा मलेरियाचा भाग आहे आणि तिथला मलेरिया फाल्सिपेरम, अंगावर काढायचा नाही. मच्छरदाणी लावताच असाल. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं असेल तर रोज न चुकता आणि परत आल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायचं, ते लोक हमखास विमानतळावरच बंद करतात. त्या गोळीने ऊन बाधतं, टोपी घाला. परत आल्यावर कधीही ताप आला तर डॉक्टरला आधी आफ्रिकेतून आलेय हे वाक्य, मग बाकीचं. आणि सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी पाण्यात उतरू नका, बिल्हार्झिया नावाचा जंत पाण्यातल्या गोगलगायींमधून येतो आणि कातडीतून शिरतो. पाय बुडवून फोटो पण नको.

दुसरं कोणी जायच्या विचारात वाचत असेल तर, यलो फीव्हरची लस मान्यता असलेल्या केंद्रातच मिळते, निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. त्या लसीचं पिवळं कार्ड २०१६ पासून जन्मभर चालतं. नैरोबी किंवा अदिस अबाबावरून ये-जा असेल तर पिवळं कार्ड पासपोर्टलाच खोचून ठेवा.

जेवणाचं काय करताय? शाकाहारी आहात का?

---

जुना_हिशोबनीस

मी उशिरा बघितलं. सी.ए. आहे, निवृत्त, टांझानियात दोनदा आणि मलावीत एकदा असंच बसून आलोय. वरच्या मुलाने नमस्काराचं सांगितलं ते सोळा आणे खरं आहे, पण तुमची अडचण फक्त तेवढी नाही असं माझं मत.

बाई, ते तुम्हाला ऑडिटर समजतायत.

विचार करा ना. देणगीदार परदेशातले. एक दिवस साठीची एक भारतीय बाई येते, चष्मा लावून बसते, पगार घेत नाही (म्हणजे हिला नक्की दुसरं कोणीतरी पाठवलंय), आणि पहिल्या आठवड्यात काय मागते, व्हाउचर फाईल. वर चुकलं तर लाल होणारं एक्सेल. तुमच्या शाखेत असं कोणी येऊन बसलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? चहा पाजला असता, गोड बोलला असतात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असती. मी नोकरीत असताना इन्स्पेक्शनला जायचो तेव्हा हजारदा ऐकलंय, साहेब किल्ली भोसलेंकडे आहे आणि भोसले रजेवर.

त्यात जुलैची भानगड. तिथलं सरकारी वर्ष १ जुलै ते ३० जून. तुमच्या संस्थेचंही तसंच असेल तर आत्ता त्यांचा वर्षअखेर चालू असणार, आणि आपल्याला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणी पाहुणा आलेला आवडत नाही. तो अकाउंटंट पोरगा मशीनवाल्या पावत्या शोधत फिरत असेल. तिकडे बहुतेक दुकानदारांनी ईएफडी, म्हणजे कर खात्याच्या मशीनचीच पावती द्यायला हवी, साध्या बिलबुकाची चालत नाही, आणि खेड्यात टेम्पोवाला, जेवण करणारी बाई, सतरंजी भाड्याने देणारा, यांच्याकडे कुठलं मशीन. खर्च खरा, पावती नाही. ही लाज तो तुम्हाला कशाला दाखवेल?

माझ्या अनुभवातून सांगतो, एक्सेल बंद करून ठेवा. काही मागू नका. गटाच्या बैठकीला जाऊ का, नुसतं बघायला, एवढंच विचारा. तिथे हे गट बहुतेक विकोबा म्हणून ओळखले जातात. जगभर त्या पद्धतीचा जो नमुना चालतो तो केअर संस्थेने १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू केला. पण तुम्ही बँकवाल्या असूनही शिकाल असं काहीतरी तिथे आहे, मी सांगत नाही, स्वतः बघा. भिशी माहीत आहे ना? भिशीला तिकडे उपाटू म्हणतात. जेवताना बायकांना तुमच्या सोसायटीतल्या भिशीचं सांगा, कोण पळून गेली होती ते पण सांगा. माणसं अशाच गोष्टींवर मोकळी होतात.

भाषेची भीती काढून टाका, निम्मी आपलीच आहे. हिशोबाला हेसाबू, विम्याला बीमा, दुकानाला डुका, गाडीला गारी, साबणाला सबुनी, वकिलाला वाकिली, सरकारला सेरिकाली. लाखाला लाकी! युरोपियन व्हॉलंटियर हंड्रेड थाउजंड करत बसतात, आपण लाकी मोजा म्हणून मोकळे. चेकला हुंडी म्हणतात आणि शिक्क्याला मुहुरी, म्हणजे मोहोर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पेशव्यांच्या दफ्तरात आलोय.

---

टेकडीवरचा

+१ ऑडिटरला. माझ्याबद्दल डोडोमाला सहा महिने समज होता की मी लॅपटॉप मोजायला आलोय.

बाय द वे काकू, तिकडे रिक्षाला बजाजी म्हणतात. आकुर्डीचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी. मी पुण्याचा, जिथे बजाजचं मुख्य ऑफिस आहे तिथला, असं सांगितलं की एक जण भाडं कमी करायचा आणि दुसरा मला मालक समजून वाढवायचा.

---

सहकारनगर२

सगळ्यांना उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण (सांगायला आनंद होतोय) वेळ नव्हता.

आधी पटापट. टेकडीवरचा, काकू चालेल, इथे तसाही काका म्हणजे भाऊ. ड्रायव्हरची माफी मागितली, त्याला आता मी काका म्हणते, तो पंचविशीचा आहे आणि मला मामा म्हणतो, हे फोनवर बहिणीला समजावताना अर्धा तास गेला. लुकू भरलं, तेरावा आकडा चुकला. अनुस्वार, हो शाकाहारी. सिली न्यामा म्हणायला शिकले, मांस खात नाही, त्यावर त्यांनी प्रेमाने मासे वाढले. आता ठरलंय, माहारागे म्हणजे आपला राजम्यासारखा प्रकार आणि भात, सोबत म्चिचा, ती तर चक्क माठाची भाजी हो, मी तुळशीबागेत उभी असल्यासारखी खूश झाले. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती मात्र लसणाच्या चटणीबरोबर खाते, बरणी संपत आलीये. पौडफाटा, परमिट आहे, क्लास सीच आहे, बघितलं. हडपसरच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहेच. परत आल्यावर बोलू, तुम्हीही या.

आता हिशोबनीस साहेब. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, इतकं ते मला लागलं. मी स्वतः आयुष्यभर ऑडिटवाल्यांना किल्ली नाहीये सांगितलेली बाई, मलाच कळू नये? दुसऱ्या दिवशी प्रत्येकाशी हात मिळवत टेबलापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. मग डायरेक्टर बाईंच्या दाराशी होडी म्हणून उभी राहिले आणि म्हणाले मला बैठकीला जायचंय, वही आणणार नाही. त्या अशा हसल्या की बस.

बैठक शहराबाहेर, आंब्याच्या झाडाखाली. मधोमध एक लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, त्यातली एकही अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार नाही. एकीची किल्ली कमरेला गुंडाळलेल्या कांगाच्या, म्हणजे छापील कापडाच्या गाठीत, ती सोडायलाच पाच मिनिटं. पेटी उघडायच्या आधी अध्यक्ष विचारते, मागच्या वेळी आत किती होते? आणि सगळ्या बायका एका सुरात आकडा म्हणतात. पाढे म्हटल्यासारखा. कागद नाही काही नाही. मगच पेटी उघडून मोजतात आणि तो आकडा येतोच. मी ३४ वर्षं संध्याकाळी कॅश टॅली केली, दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद केली, पण खातेदारांना शिल्लक पाठ असते हे मी पहिल्यांदा बघितलं.

प्रत्येकीचं पासबुक. एका बैठकीत एक ते पाच शेअर घेता येतात, ह्या गटात शेअर २००० शिलिंगचा, म्हणजे आपले सत्तरेक रुपये. एका शेअरला एक शिक्का, ह्यांचा शिक्का माशाचा. त्या दिवशी शिक्के मोजले तर ५८ आणि पैसे ५७ शेअरचे. दोन हजार कमी. कुजबुज सुरू झाली, खजिनदार पोरगी रडवेली, आमचा अकाउंटंट माझ्याकडे असा बघतोय की आता ही बाई वही काढणार. मी नव्हतीच आणली. पासबुकं हातात घेऊन एकेक पान चाळलं, सवयच आहे. एका पासबुकात दोन मासे ठसठशीत, तोंड डावीकडे. समोरच्या पानावर एक मासा फिका, आणि तोंड उजवीकडे. शिक्का ओला असताना पासबुक मिटलं गेलं आणि त्याचा छाप पलीकडे उमटला. असल्या उलट्या शिक्क्यांनी आमच्या शाखेत एकदा रात्रीचे नऊ वाजवले होते.

मला स्वाहिलीत एवढंच सांगता आलं, सामाकी म्हणजे मासा, आणि हाताने उलटा फिरवून दाखवला. एक सेकंद शांतता, आणि मग ज्या काय हसल्या आहेत. एक आजीबाई म्हणाल्या (अकाउंटंटने सांगितलं) की आम्ही म्हणतच होतो ५७, हिने घेतलेच दोन. म्हणजे त्यांना पाठच होतं, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, पण खजिनदार पोरीचं तोंड परत माणसात आलं. पेटी बंद करताना सगळ्यांनी त्या दिवशीच्या शेअरचा आकडा म्हटला, लाकी मोजा ना एल्फू कुमी ना न्ने, एक लाख चौदा हजार. मीही म्हटला. अजून पाठ आहे.

परत येताना गाडीत अकाउंटंटने स्वतःहून विचारलं, मामा, तुमच्या बँकेत पावती नसेल तर काय करायचे? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर बुटांचा खोका. आत वर्षभराची चिठोरी, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेला टेम्पोचा खर्च सुद्धा. तुम्ही म्हणालात तेच, ईएफडीची पावती नाही म्हणून लपवलेला. आम्ही दोघं बसून तारखेप्रमाणे लावतोय, ज्यांची सही मिळेल त्यांच्या सह्या घेतोय, बाकीचं डायरेक्टर बाईंसमोर सरळ मांडणार. रोज सहा वाजतात. काल जाताना वॉचमन म्हणाला पोले ना काझी, अकाउंटंट म्हणतो ह्याचा अर्थ काम करून दमलात, वाईट वाटलं. त्याला उत्तर काय द्यायचं ते सांगा कोणीतरी, मी नुसतं हसले आणि मग लटकलेल्या नमस्काराची आठवण झाली.

एक्सेल उघडलेलं नाही. सातपैकी एक शीट त्याला आवडली आहे म्हणतो, बघू.

---

टेकडीवरचा

असांते म्हणायचं काकू, म्हणजे धन्यवाद. किंवा निमेशापोआ, म्हणजे झालं बरं आता. उलटा मासा भारी.

---

जुना_हिशोबनीस

सिगारेटच्या पाकिटाची झेरॉक्स काढून ठेवा, शाई उडते.

---

सहकारनगर२

काढली. आणि कोणी ऑगस्टमध्ये दारला, म्हणजे दार-ए-सलामला येणार असेल तर कृपया मेसेज करा, तिथून इथे बसने पार्सल येतं. अर्धा किलो गोडा मसाला आणि लसणाची चटणी, पैसे मुलगी लगेच पाठवेल. बाकरवडी नको, मागच्या वेळची ऑफिसात उघडली आणि मला एकच मिळाली.